बर्फातली सुट्टी : यादीत तुमचंही नाव लिहा



या आठवड्याच्या टपालातलं एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं. नाशिकच्या एका भगिनीचं आहे. त्यांचे दीर आणि जाऊ जर्मनीत स्टुटगार्टला असतात. दोघांनी आग्रहानं बोलावलंय, की सगळ्यांनी मिळून आठ दिवस स्वित्झर्लंडला, आल्प्समधल्या झेरमॅट गावी स्कीइंगला जाऊ या. इकडून जाणार नवरा, आठवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी, सासूबाई आणि पत्र लिहिणाऱ्या स्वतः. तिकडचे दोघं धरून सात माणसं. प्रश्न भरपूर आहेत : कधी जावं, व्हिसा कुठला, कपडे काय, डब्यात काय न्यावं. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे : 'मला काही ते स्कीइंग जमायचं नाही, मी आणि सासूबाई खोलीवर थांबून सगळ्यांच्या खाण्यापिण्याचं बघू.'

हल्ली मुलंबाळं, दीर-नणंदा परदेशात असलेल्या घरांमधून अशी आमंत्रणं येऊ लागली आहेत, म्हणून हे उत्तर सगळ्यांसाठीच लिहिते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं ओळीनं देणार आहेच. पण आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल. अहो, खोलीवर बसून पोळ्याच लाटायच्या, तर त्यासाठी समुद्रापलीकडे जायला कशाला हवं? शिकवणीच्या यादीत नवऱ्याचं आणि मुलांचं नाव आहे ना? मग चौथं नाव तुमचं लिहा. आज ते का लिहायचं आणि लिहिल्यावर बाकीची घडी कशी बसवायची, तेच पाहू.

गाव कसं आहे?

झेरमॅट सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या जवळपास! तिथे गावच वसलेलं आहे आणि डोंगर त्याच्यावर सुरू होतात. समोर मॅटरहॉर्नचा सुळका, उंची ४,४७८ मीटर. गावात पेट्रोलच्या मोटारींना बंदी आहे. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या, घोडागाड्या आणि आपले पाय, एवढीच वाहनं. दिरांनी स्टुटगार्टहून मोटार आणली तरी ती अलीकडे पाच किलोमीटरवर टेश इथे ठेवावी लागते, तिथून आगगाडीनं बारा मिनिटांत गावात. स्विस महामार्गावर यायचं तर वर्षाचा ४० फ्रँकचा परवाना मोटारीला लागतो, हे त्यांना ठाऊक असेलच. विमानानं झुरिकला उतरलात तर आगगाडीनं व्हिस्पला येऊन, गाडी बदलून झेरमॅट. साडेतीन तासांच्या आसपास प्रवास होतो आणि खिडकीतून बघण्यात तो कधी संपतो कळत नाही.

घसरायच्या उतारांना तिथे पिस्त म्हणतात. झेरमॅट आणि पलीकडचं इटलीतलं चेर्व्हिनिया मिळून असे ३६० किलोमीटरचे उतार जोडलेले आहेत. हा आकडा ऐकून मंडळी हरखून जातात. पण एक लक्षात घ्या, ज्यांना स्कीइंग येतं त्यांच्यासाठी हा आकडा आहे. पहिल्यांदा पायात स्की घालणाऱ्याला आठवडाभर दोन-तीनशे मीटरचा सौम्य उतार पुरतो. नवशिक्यांसाठी झेरमॅट हे काही सगळ्यात सोपं किंवा स्वस्त ठिकाण नव्हे, हेही सांगून ठेवते. फक्त शिकायचंच असेल तर आल्प्समधलं एखादं लहान गाव निम्म्या तापात काम भागवील. मग मोठ्या ठिकाणी का जायचं? तर तुमच्यासारखं सात तऱ्हेच्या माणसांचं कुटुंब असेल तेव्हा. दिरांना अवघड उतार हवेत, मुलांना शाळा हवी, सासूबाईंना बसून बघायला काहीतरी हवं. हे सगळं एकाच गावात मोठ्या ठिकाणीच मिळतं.

कधी जायचं?

नाताळ ते नवं वर्ष आणि संपूर्ण फेब्रुवारी, या दोन वेळा शक्यतो टाळा. नाताळात सगळा युरोप सुट्टीवर असतो. फेब्रुवारीत स्वित्झर्लंड, फ्रान्स, इंग्लंड इथल्या शाळांना हिवाळी सुट्ट्या असतात. त्या दिवसांत खोल्यांचे दर चढलेले आणि शिकवणीचे वर्ग भरलेले. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा त्या मानानं स्वस्त, पण थंडी कडाक्याची आणि दिवस लहान.

आपल्या मुलांच्या परीक्षा पाहता मला एप्रिल बरा वाटतो. सखल ठिकाणचं बर्फ तोवर वितळलेलं असतं, पण झेरमॅटचे उतार उंचावर असल्यामुळे एप्रिल संपेपर्यंत तिथे स्कीइंग चालतं. ईस्टरचा आठवडा मात्र वगळा, तेव्हा पुन्हा गर्दी. वसंतात सकाळी बर्फ कडक असतं, दुपारनंतर ते भिजल्या साखरेसारखं होतं आणि पाय जड पडतात, म्हणून सकाळचा वर्ग घ्यावा. ऊन मिळतं, दिवस मोठा असतो आणि लहान मुलं गारठत नाहीत.

परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. जानेवारी २०१८ मध्ये जोरदार हिमवृष्टी आणि हिमकडे कोसळण्याची भीती यांमुळे झेरमॅटचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाले, सुमारे १३ हजार पर्यटक गावात अडकले होते. एप्रिल २०२५ मध्येही असंच गाव तुटलं होतं. गावात माणूस सुरक्षित असतो, घाबरायचं काही नाही. पण विमान थांबत नाही.

व्हिसा आणि विमा

जर्मनी आणि स्वित्झर्लंड दोन्ही शेंगेन व्यवस्थेत आहेत, म्हणून एकच व्हिसा पुरतो. अर्ज मात्र कुठल्या देशाकडे करायचा? ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. झेरमॅटला आठ दिवस आणि स्टुटगार्टला चार, तर स्विस. सासूबाई पुढे महिनाभर धाकट्या लेकाकडे राहणार असतील तर त्यांचा अर्ज जर्मनीकडे. एकाच घरातल्या माणसांचे अर्ज वेगवेगळ्या देशांकडे जाऊ शकतात, हे बऱ्याच जणींच्या ध्यानात येत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बाराच्या आतल्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आत काही नाही. वर केंद्राचा सेवाआकार. बोटांचे ठसे द्यायला एकदा स्वतः जावं लागतं.

व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो सगळेच काढतात. मेख पुढेच आहे. प्रवासविम्याच्या पुष्कळ पॉलिसींमध्ये साहसी खेळ किंवा हिवाळी खेळ वगळलेले असतात. म्हणजे व्हिसा मिळतो, पण उतारावर पाय मोडला तर विमा कंपनी हात वर करते. तेव्हा पॉलिसीच्या मागच्या पानांवर 'काय धरलेलं नाही' ही यादी असते ती चष्मा लावून वाचा. स्कीइंग धरलंय का, उतारावरून उचलून आणण्याचा खर्च धरलाय का, हेलिकॉप्टर धरलंय का, दुसऱ्याला आपल्यामुळे इजा झाली तर भरपाई धरलीय का, ही चार उत्तरं कंपनीकडून लेखी घ्या. स्वित्झर्लंडमध्ये जखमी माणसाला उतारावरून खाली आणण्याचे पैसे त्याच्याकडूनच घेतात. झेरमॅटला १९६८ पासून स्वतःची हेलिकॉप्टर सेवा आहे, एअर झेरमॅट. तत्पर आहे, पण फुकट नाही. विम्यावर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, इथे काटकसर नको.

खर्चाची वही

वहीचं एक पान आखा आणि सात रकाने पाडा : प्रवास, मुक्काम, लिफ्टचा पास, स्की आणि बुटांचं भाडं, शिकवणी, जेवण, विमा-व्हिसा. आपल्याकडे मंडळी पहिल्या दोन रकान्यांचाच हिशेब करतात आणि तिथे पोचल्यावर डोळे पांढरे होतात. झेरमॅटमध्ये भर हंगामात मोठ्या माणसाचा एका दिवसाचा पास शंभर फ्रँकच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो.

बचत करायची जागा नेमकी हीच आहे. दीर सोडले तर तुमच्यात कुणालाच ३६० किलोमीटर नको आहेत. इटलीसकटचा पास तर मुळीच नको. नवशिक्यांचे उतार सुनेगा नावाच्या टप्प्यावर आहेत. गावातून डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे चार-पाच मिनिटांत तिथे नेते. तिथे लहान मुलांसाठी आणि शिकाऊ मोठ्यांसाठी सरकते पट्टे बसवलेले आहेत, त्यावर उभं राहिलं की आपोआप वर. पहिले दोन-तीन दिवस तिथवरच्या जाण्यायेण्याचं तिकीट पुरतं का, हे शाळेत नाव घालतानाच विचारून घ्या, आणि मोठा पास मुलं तयार झाल्यावर काढा. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट हे सगळं भाड्यानं मिळतं, विकत काही घ्यायचं नाही. भाड्याचं सामान घरूनच आगाऊ नोंदवलं तर बहुधा स्वस्त पडतं.

दुकानात खरं वजन सांगा

आता हसू नका, पण ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे. बूट स्कीला जिथे अडकतो तिथे एक खटका असतो. पडल्यावर तो सुटावा आणि स्की पायापासून वेगळी व्हावी, अशी योजना असते. तो किती घट्ट ठेवायचा हे दुकानदार तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि खेळातली तयारी यावरून ठरवतो. चारचौघांत लाजून आपण बायका पाच-दहा किलो कमी सांगतो, तर खटका सैल बसतो आणि स्की नको तिथे निसटते. उलट 'मला थोडं येतं' अशी फुशारकी पुरुषमंडळी मारतात, खटका घट्ट बसतो, पडल्यावर तो सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. स्कीइंगमध्ये सर्वात जास्त दुखापती गुडघ्याच्याच होतात आणि गुडघ्याच्या आतला बंध तुटण्याचा धोका पुरुषांपेक्षा बायकांना अधिक असतो. तेव्हा निघण्याआधी वजनकाट्यावर उभं राहा, आकडा चिठ्ठीवर लिहा आणि मुकाट्यानं ती चिठ्ठी दुकानदाराच्या हातात द्या.

बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटांची टोकं पुढे जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे वाकवले की मागे सरायला हवीत. एकच लांब मोजा घाला. थंडी वाजेल म्हणून दोन घातले तर रक्त खेळत नाही आणि पाय जास्तच गारठतात.

कपडे आणि दागिने

आपले जाडजूड विणलेले स्वेटर गावात फिरायला छान, उतारावर नाहीत. ते बर्फ धरतात आणि ओले होतात. सुती बनियन, सुती मोजेही नकोत, घामानं भिजले की अंगावरच गार पडतात. तीन थर हवेत : अंगाला लागून थर्मल, त्यावर मऊ फ्लीस आणि सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. ही वरची जोडी महाग असते. ओळखीत कुणी बर्फात जाऊन आलं असेल तर मागून न्या, नाहीतर जाऊबाईंना तिकडे चौकशी करायला सांगा. हातमोजे मात्र प्रत्येकाचे चांगले आणि मुलांचे दोन जोड.

दागिन्यांचं काय? काचेच्या बांगड्या घरीच ठेवा, पडल्यावर मनगटात घुसतील. अंगठी थंडीत बोटाला घट्ट होते आणि बोट सुजलं तर काढणं मुश्कील, म्हणून तीही उतरवा. मंगळसूत्र घालायचं असेल तर आखूड घाला आणि थर्मलच्या आत सारा. लांब पदराचं नको, गळपट्टाही लोंबता नको. लिफ्टमध्ये अडकायला निमित्त नको.

उन्हाकडे दुर्लक्ष करू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजं बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतं. गोरं असो की सावळं, सनस्क्रीन सगळ्यांना. ओठांना मलम, डोळ्यांना गॉगल. मासिक पाळीची तारीख जवळ येत असेल तर सामान घरूनच न्या, तिथे मिळतं पण महाग पडतं. सकाळी निघताना जाकिटाच्या खिशात ठेवावं, कारण डोंगरावरून खोलीवर सारखं येणं जमत नाही.

स्वयंपाकघर : सोपं ठेवा

सातजणांना आठ दिवस हॉटेलात जेवणं कुणालाच परवडणार नाही. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घ्यायचं, हा विचार बरोबर आहे. पण चार गोष्टी आधी माहीत हव्यात.

पहिली, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. उंचीमुळे हवेचा दाब कमी असतो ना. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ-तांदूळ शिजायला वेळ लागतो. छोटा कुकर सामानात टाका. पण शेगडी कुठली आहे ते घरमालकाला विचारून घ्या. इंडक्शन असेल तर आपला साधा अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापायचाच नाही, स्टीलचा न्यावा लागेल.

दुसरी, भारतातून दूध आणि मांस यांचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, बर्फी, पनीर, तूप काढून टाका. सासूबाईंना तूप लागलंच तर जाऊबाई तिकडच्या लोण्याचं कढवतील. कढीपत्ता, मिरच्या, आंबे अशी ताजी भाजी-फळंही नकोत. डाळी, पोहे, रवा, भाजणी, मेतकूट, मसाले, चटण्या हे कोरडं सामान न्या. जर्मनीतून मोटारीनं किराणा आणायचा तर १ जानेवारी २०२५ पासून माणशी १५० फ्रँकपर्यंतचाच माल स्विस सीमेवर करमुक्त येतो, पूर्वी ही मर्यादा ३०० होती.

तिसरी, गावात मोठी वाणसामानाची दुकानं आहेत, कोप आणि मिग्रो. दूध, दही, ब्रेड, अंडी, भाज्या सगळं मिळतं. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

चौथी, शाकाहारी मंडळींसाठी. रोष्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याची जाड धिरडी, छान लागते, पण तिच्यात कधी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, विचारून घ्यावं. फोंड्यूत पांढरी वाइन असते. आणि तिकडची पारंपरिक चीज बहुतेक वासराच्या पोटातलं विरजण लावून केलेली असतात. कडक पाळणाऱ्यांनी हे आधीच जाणून घेतलेलं बरं.

आता खरी गोष्ट. स्वयंपाकाची पाळी लावा आणि ती निघण्याआधीच, सगळ्यांसमोर, कागदावर लावा. सकाळी दूध-ब्रेड-पोहे. दुपारी प्रत्येकाच्या खिशात सँडविच, आणि ते ज्याचं त्यानं भरायचं. संध्याकाळी एकच पदार्थ : खिचडी, पिठलं-भात, डाळ-भात, उपमा, पास्ता. पोळ्यांचा हट्ट आठ दिवस कुणी करू नये. एक संध्याकाळ भावोजींची, एक तुमच्या ह्यांची, एक मुलांची. जाऊबाई वर्षभर नोकरी करून घर सांभाळतात, त्यांचीही ही सुट्टीच आहे, हे विसरू नका. दोघी जावांनी मिळून ओट्याशी उभं राहायचं ठरवलं, तर सुट्टी फक्त पुरुषांना मिळते.

सासूबाईंचा आठवडा

सासूबाईंची सोबत हे तुमच्या खोलीवर थांबण्याचं कारण होऊ देऊ नका. त्यांच्यासाठी झेरमॅटमध्ये इतकं आहे की त्याच तुम्हाला 'चल गं' म्हणतील. गॉर्नरग्राटची दातेरी रेल्वे १८९८ साली सुरू झाली. गावातून अर्ध्या तासात ती ३,०८९ मीटरवर नेते. चढ नाही, घसरणं नाही, बाकावर बसून सगळे डोंगर आणि खाली पसरलेली हिमनदी. गावात मॅटरहॉर्नचं संग्रहालय आहे. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि सोबतचे सहाजण मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोचले, उतरताना दोर तुटला आणि चौघं गेले. तो तुटलेला दोर तिथे ठेवलेला आहे. बर्फ दाबून केलेल्या चालायच्या वाटाही आहेत. सुनेगाच्या उपाहारगृहात उन्हात बसून नातीला घसरताना बघणं हा तर सकाळचा कार्यक्रमच.

फक्त ३,८८३ मीटरवरच्या सगळ्यात उंच स्थानकावर त्यांना नेण्याआधी डॉक्टरांना विचारा. गावातून तासाभरात एवढं वर गेलं की धडधाकट माणसाचंही डोकं दुखतं. रक्तदाब, हृदयविकार असेल तर गॉर्नरग्राटवरच समाधान मानावं. औषधं पुऱ्या दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत.

आणि तुमची शिकवणी

'या वयात?' हा प्रश्न तुमच्या मनात असेल, म्हणून एक माहिती सांगते. मॅटरहॉर्नवर चढलेली पहिली स्त्री ल्युसी वॉकर. साल १८७१, तारीख २२ जुलै. वय पस्तीस. तिला संधिवात होता आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ती डोंगरात जाऊ लागली. तेही त्या काळच्या पायघोळ झग्यात! तुम्हाला सुळका चढायचा नाही. दोनशे मीटरच्या उतारावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली, खाली यायचंय.

मोठ्यांच्या गटाचे वर्ग असतात, अगदी पहिल्या पायरीचेसुद्धा. पुष्कळ शाळांचे गट रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, म्हणून शनिवारी पोचावं. निदान तीन सलग दिवसांचा वर्ग घ्या. पहिला दिवस पडण्यात आणि उठण्यात जातो, दुसऱ्या दिवशी थांबायला जमतं, वळायला जमू लागतं ते तिसऱ्या दिवशी. पहिल्याच दुपारी 'नको गं बाई' म्हणून सोडून दिलं तर पैसे आणि उमेद दोन्ही वाया. नवऱ्याकडून किंवा दिराकडून शिकू नका. मोटार शिकताना काय होतं ते आठवा.

काही नियम पाठ करा. पुढे खाली असलेल्या माणसाचा मान आधी, मागून येणाऱ्यानं त्याला सांभाळून जायचं. निळा उतार सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. खुणेच्या काठ्यांच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, तिथे हिमकडे कोसळतात. पडताना काठी मुठीत धरून ठेवू नका, सोडून द्या, नाहीतर अंगठा मुरगळतो. थकल्यावर 'आता शेवटचं एकदा' म्हणू नका. अपघात झाला तर रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४, आणि ११२ सुद्धा चालतो. दोन्ही मुलांच्या खिशात चिठ्ठीवर लिहून ठेवा.

तयारी आजपासून. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून तीस सेकंद. रोज पाच वेळा, मग हळूहळू मिनिटापर्यंत. शिवाय जिने. दीड-दोन महिने केलंत तर तिथे पाय कापणार नाहीत. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्की पायात घालू नका. त्यांनी नको म्हटलं तरी खोलीवर बसायचं नाही. बर्फातल्या वाटांवर चाला, गॉर्नरग्राटच्या डोंगरावर रोटेनबोडेनहून रिफेलबर्गपर्यंत घसरगाडीची वाट आहे, तिथली मजा बघा. यादीत तुमच्या नावापुढे काहीतरी लिहिलेलं हवं, एवढाच माझा आग्रह.

कात्रण करून ठेवा

सहा महिने आधी : पारपत्रांच्या मुदती तपासा, तारखा ठरवा, घर नोंदवा.
तीन महिने आधी : व्हिसाचे अर्ज, हिवाळी खेळ धरलेला विमा, शिकवणीत सगळ्यांची नावं.
दोन महिने आधी : रोजचा व्यायाम सुरू, सासूबाईंची तपासणी.
एक महिना आधी : स्की-बूट नोंदवा, कपडे जमवा, शेगडीची चौकशी.
आठवडा आधी : स्वयंपाकाच्या पाळ्या कागदावर, प्रत्येकाचं वजन चिठ्ठीवर, कोरडं सामान बांधा.

नाशिकच्या भगिनींनी सासूबाईंना आणि जाऊबाईंना हा लेख जरूर वाचायला द्यावा. आणि परत आल्यावर कोण किती वेळा पडलं ते कळवायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात : उन्हाळ्याच्या वाळवणांची जागा नसलेल्या फ्लॅटमध्ये पापड-कुरडया कशा कराव्यात.